घाणेरी वरून कापू नका, मुळाच्या मानेखाली तोडा

मृग कोरडा गेला तरी आर्द्रा-पुनर्वसूच्या सरींनी जमीन खोलवर भिजते. मग दोन दिवस उघडीप मिळाली की वाफसा येतो. पेरणी आणि कोळपणीच्या मधल्या या दिवसांत एक सकाळ बांधासाठी काढा. घाणेरी, म्हणजेच टणटणी, काढायची खरी वेळ हीच आहे. उन्हाळ्यात कुदळ मारली तर माती दगडासारखी लागते आणि मूळ नको तिथे तुटतं. श्रावण-भाद्रपदानंतर झुडपं फळांनी लगडलेली असतात, तेव्हा ती हलवली की बी शेतभर सांडतं. आत्ता माती मऊ आहे, कोवळी रोपं नुसत्या हाताने उपटून येतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत गवत रुजवायला पुढे पूर्ण पावसाळा आहे.

हे झुडूप आपल्या मातीतलं नाही. ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. रंगीबेरंगी फुलांमुळे युरोपातल्या बागांनी ते उचललं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचं झुडूप आणि कुंपण म्हणून भारतात आणलं. बागेतून ते कुंपणावर गेलं, पक्ष्यांच्या पोटातून रानात पोहोचलं आणि आज सह्याद्रीच्या उतारांपासून मध्य भारतातल्या सागवानाच्या जंगलांपर्यंत त्याने पाय पसरले आहेत. पड जमीन, गायरान, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड, बांध, जुनी आमराई अशी ऊन मिळणारी आणि माणसाचं लक्ष नसलेली कुठलीही जागा त्याला चालते.

ओळख पक्की करा

घाणेरी सगळ्यांना माहीत असते, तरी कामाला लावलेल्या माणसांना एकदा झाडाजवळ नेऊन दाखवा. फांदी हातात धरली की ती चौकोनी लागते, चार कडा बोटांना जाणवतात. त्या कडांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हात पुढे घातला तर काही वाटत नाही, मागे ओढला की कातडी सोलून निघते. पानं समोरासमोर जोडीने येतात, कडा करवतीसारख्या, वरची बाजू खरखरीत. पान चुरगळलं की तो उग्र वास येतो, ज्यावरून तिला घाणेरी हे नाव पडलं.

फुलांचा झुबका जवळून बघण्यासारखा असतो. मधोमध बंद कळ्या, त्यांच्याभोवती नुकती उमललेली पिवळी फुलं आणि कडेला एक-दोन दिवसांची गुलाबी, नारिंगी किंवा लाल फुलं. एकाच झुबक्यात दोन-तीन रंग दिसतात, कारण उमललेलं फूल जुनं होईल तसं रंग बदलतं. फळं मिरीएवढी, घोसाने लागतात. आधी हिरवी, पिकली की चकचकीत जांभळी-काळी होतात. बुलबुल आणि साळुंक्या ती आवडीने खातात. एक मोठं झुडूप वर्षाला बारा हजारांपर्यंत फळं देऊ शकतं, म्हणून बांधावरचं एकटं झुडूपसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

गल्लत होण्यासारखी काही झाडं आहेत. भारंगीची खोडंही चौकोनी आणि पानांच्या कडा दातेरी असतात, पण तिला काटे नसतात आणि फुलं निळसर असतात. ही आपली औषधी वनस्पती आहे, पावसाळ्यात तिची भाजीही करतात. घाणेरी समजून तिला उपटू नका. रानतुळशीचं खोड चौकोनी आणि वास उग्र, पण तीही बिनकाट्याची, फुलं बारीक जांभळी. रानमोडीची पानं त्रिकोणी, त्यांवर तीन ठळक शिरा, फुलं पांढुरकी. रानतुळस आणि रानमोडी याही बाहेरून आलेल्याच आहेत, त्या निघाल्या तर नुकसान नाही. पण त्यांची मुळं वेगळ्या तऱ्हेची असल्यामुळे खालची पद्धत त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. शंका आली तर तीन गोष्टी तपासा: चौकोनी फांदी, उलटे काटे, चुरगळल्यावर वास. तिन्ही जुळल्या तर ती घाणेरी.

जनावरांना विषबाधा

चाऱ्याचं गवत दाबलं जातं हे नुकसान डोळ्यांना दिसतं. दाट जाळीत रानडुकरांना दिवसभर लपायला आसरा मिळतो आणि रात्री तीच डुकरं भुईमुगात, मक्यात उतरतात, हेही शेतकरी अनुभवाने जाणतो. जनावरांच्या विषबाधेबद्दल मात्र अजूनही पुरेशी माहिती पोहोचलेली नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची द्रव्यं असतात. ती यकृतावर घाव घालतात आणि पित्ताचा प्रवाह अडवतात. पोट भरलेलं, रानाची सवय असलेलं जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. धोका असतो तो नव्याने विकत आणलेल्या जनावराला, उपाशी जनावराला, चाराटंचाईत मोकळं सोडलेल्या कळपाला. आणखी एक धोका आपणच तयार करतो. बांध साफ करताना तोडलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा गवताच्या गंजीशेजारी टाकल्या की सुकलेली पानं चाऱ्यात मिसळतात. सुकल्याने विष जात नाही.

लक्षणं साधारण एक-दोन दिवसांत दिसू लागतात. जनावर चारा सोडतं, रवंथ थांबतो, शेण घट्ट आणि काळपट होतं किंवा अजिबात पडत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसतात. मग ऊन सोसेनासं होतं. नाकपुडी, कान, डोळ्यांच्या कडा, कास आणि सड अशी जिथे केस कमी तिथली कातडी लाल होते, सुजते, पुढे भेगाळून सोलते. काळ्या-पांढऱ्या संकरित गाईत हे पांढऱ्या पट्ट्यांवर उठून दिसतं, काळ्या कातडीला फारसं काही होत नाही. अनेकदा हे उन्हाने भाजलं किंवा कातडीचा आजार आहे समजून वरून तेल लावलं जातं आणि मधले मोलाचे दिवस निघून जातात.

पोट बंद पडणं हाच या विषबाधेतला सगळ्यात वाईट भाग आहे. पोटात गेलेला पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातून विष थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. जनावराने खाणं थांबवलं तरी विषबाधा थांबत नाही, ती अशी. म्हणून घरगुती काढे पाजत बसू नका. जनावर ताबडतोब सावलीत, शक्य तर अंधाऱ्या गोठ्यात बांधा, समोर भरपूर पाणी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पोटातलं विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा आणि इतर उपचार डॉक्टर ठरवतील. जनावराने घाणेरी खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी तो आधी सांगा, त्यावरून उपचाराची दिशा ठरते. शेळ्या चघळतात म्हणून त्यांना घाणेरी संपवायच्या कामाला लावू नका, विष त्यांनाही बाधतं. आणि लहान मुलांना हिरवी फळं तोंडात घालू देऊ नका.

कापून का जात नाही

मी पहिली दोन वर्षं बांधावरची घाणेरी कोयत्याने जमिनीलगत छाटत होतो. बांध स्वच्छ दिसायचा आणि काम झाल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या पावसाळ्यात एका बुंध्याशी बसून मोजलं, तर जिथे तीन फांद्या छाटल्या होत्या तिथे अकरा फुटवे उभे होते. जाळूनही तसंच होतं. वणवा वरचा पाला खातो, जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो आणि राखेने मोकळ्या झालेल्या जागेत पडलेल्या बियांना भरपूर ऊन मिळतं. जाळलेल्या रानात पुढच्या वर्षी घाणेरी जास्त दाट उगवते ती यामुळे.

एखादं झुडूप नीट उकरून बघा, म्हणजे सगळा उलगडा होईल. खोड जमिनीत शिरतं तिथे एक जाड, गाठाळ भाग असतो. त्याला मान म्हणू. सगळे फुटवे या मानेतून येतात. तिच्याखाली सरळ उतरणारं सोटमूळ असतं, आणि त्या खालच्या मुळातून सहसा नवा कोंब येत नाही. म्हणून मान पूर्ण निघाली तर झुडूप मेलं, मानेचा तुकडा राहिला तर मेहनत वाया. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट धरून मूळ तोडण्याची पद्धत बसवली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरीने व्यापलेल्या जागा त्या पद्धतीने मोकळ्या करून तिथे गवताळ रान पुन्हा उभं केलं. या पद्धतीला यंत्र लागत नाही, औषधही लागत नाही.

कामाची रीत अशी. आधी लांब काठीने झुडूप झोडपून घ्या. खाली घोणस, फुरसं असू शकतं. पायात गमबूट, हातात जाड हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. पावसाळा हा मुनिया, बुलबुल यांच्या विणीचा काळ असतो. काठी लावण्याआधी जाळीत घरटं आहे का ते पाहा. अंडी किंवा पिल्लं दिसली तर त्या झुडपाची फुलं-फळं तेवढी खुडा आणि झुडूप महिनाभर राहू द्या.

मग कोयत्याने बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करा. दीड-दोन फुटांचे खुंट ठेवा, ते पुढे धरायला लागतात. बुंध्याच्या एका बाजूची माती कुदळीने बाजूला सारा, मान उघडी करा आणि जमिनीच्या पातळीपासून तीन ते पाच इंच खाली, मानेच्या खालच्या बाजूने, तिरका घाव घालून सोटमूळ तोडा. ओल्या मातीत दोन-तीन घावांत ते तुटतं. एक माणूस खुंट धरून पलीकडे रेटत असेल तर दुसऱ्याचा घाव नीट बसतो. हे काम जोडीने करा, एकट्याने केलं तर दुप्पट वेळ लागतो आणि मान अर्धी राहते. बुंधा बाहेर आला की उलटा करून पाहा. गाठाळ भाग पूर्ण दिसला पाहिजे आणि त्याखाली मुळाचा बोटभर तुकडा लटकत असला पाहिजे. तो तुकडा नसेल तर खड्ड्यात हात घालून राहिलेली मान शोधा. ही तपासणी कुणीही टाळू नये.

उपटलेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवा, शक्यतो दगडावर किंवा खुंटांच्या ढिगावर. ओल्या मातीला टेकलेल्या फांदीला मुळं फुटतात आणि आपण काढलेलं झुडूप तिथेच पुन्हा उभं राहतं. पिकलेली फळं असतील तर ती आधी पोत्यात खुडून घ्या आणि खोल पुरा. फळांसकट झुडूप शेतातून ओढत नेऊ नका.

जेसीबी लावून एका दिवसात सगळं साफ करायचा मोह होतो. माझं मत त्याच्या विरोधात आहे. यंत्र मान तोडत नाही, फाडतं. तुकडे मातीत कालवले जातात, वरची कसदार माती उलटते आणि खाली दबलेलं बी उजेडात येतं. उतारावर तर मुसळधार पावसात ती माती ओढ्याला जाते. डोंगरउतारावर हातानेसुद्धा सगळी घाणेरी एकदम काढू नका. समपातळीत एक पट्टा काढा, एक ठेवा. काढलेल्या पट्ट्यात गवत धरलं की पुढच्या पावसाळ्यात राहिलेला पट्टा काढा.

सुरुवात कुठून करायची, यावर बहुतेकांचा कल दाट जाळीकडे असतो, कारण ती डोळ्यांत खुपते. उलट करा. आधी सुटी, विरळ झुडपं काढा. ओढ्याकाठी असाल तर वरच्या अंगापासून खाली या. विरळ भाग एका दिवसात मोकळा होतो आणि घाणेरीची आगेकूच तिथेच थांबते. दाट जाळी आज आहे तिथेच राहणार, तिच्याकडे मनुष्यबळ जमवून सावकाश जा. हे सगळं आपल्या मालकीच्या जमिनीपुरतं. गायरानासाठी ग्रामपंचायतीशी बोला, आणि शेताला लागून वनजमीन असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय तिथे कुदळ लावू नका.

मोकळी जागा मोकळी ठेवू नका

घाणेरीला दाट सावली सोसत नाही, आणि गच्च गवतात तिचं बी रुजायला जागा मिळत नाही. याचा फायदा घ्या. ज्या दिवशी झुडूप काढलं त्याच आठवड्यात खड्डा बुजवून तिथे गवत लावा. मारवेलचे ठोंब पावसात सहज धरतात. हलक्या, मुरमाड जागेत पवन्या, डोंगरी किंवा अंजन गवताचं बी टाका, सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक मिसळलं तर चाऱ्याचा कस वाढतो. पहिलं वर्ष तिथे जनावरं सोडू नका, चारा कापून न्या. घाणेरी काढून जागा उघडी ठेवली तर तिथे रानमोडी किंवा गाजर गवत येतं, हे मी एकापेक्षा जास्त बांधांवर पाहिलं आहे.

कुंपणासाठीच घाणेरी ठेवली असेल तर पर्याय आपल्या रानातच आहेत. निर्गुडीच्या काड्या पावसाळ्यात सहज जगतात आणि जनावरं तिला तोंड लावत नाहीत. करवंद वाढायला सावकाश, पण एकदा जमलं की काटेही मिळतात आणि फळंही. सागरगोटा आणि चिल्हार यांच्या कुंपणातून तर माणूससुद्धा जात नाही. फुलपाखरं घाणेरीवर येतात हे खरं आहे आणि त्यामुळे ती काढताना काहींचा हात अडतो. निर्गुडी, करवंदीवरही मध शोधणारे कीटक येतात, त्यांची सोय होते.

एकदा काढून काम संपत नाही. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं आणि पक्षी नवं आणत राहतात. पक्षी खातात एका जागी आणि विष्ठा टाकतात दुसऱ्या जागी, म्हणजे झाडावर बसून. त्यामुळे नवी रोपं शेतभर सारखी उगवत नाहीत. बांधावरच्या बाभळीखाली, आंब्याखाली, विजेच्या तारांखाली आणि कुंपणाच्या खांबांशी ती पुंजक्याने येतात. फेरी मारताना या जागा आधी बघा. गुडघ्याएवढं रोप ओल्या मातीत बुडाशी धरून सरळ वर ओढलं की मुळासकट येतं. पुढचे किमान तीन पावसाळे ही फेरी चुकवू नका.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ साली नोंदणीकृत कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे, शेतकऱ्याने ते स्वतः फवारायचं नाही. इतर कुठलंही तणनाशक घेताना बाटलीवरचं लेबल वाचा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि ओढा, विहीर किंवा उभं पीक जवळ असेल तर तो मार्ग सोडाच. शिवाय फवारलेली जाळी वाळून उभीच राहते, ती तोडायला माणसं लागतातच. जैविक उपायही आपल्याकडे जुने आहेत. घाणेरीची फळं पोखरणारी एक माशी १९२१ सालीच भारतात आणली होती. पानांतला रस शोषणारे ढेकणासारखे कीटकही नंतर पसरले. पानं पिवळी पडतात, झुडूप काही काळ मलूल दिसतं, पण पाऊस आला की ते पुन्हा सावरतं. कीटकांच्या भरवशावर थांबू नका.

बाग असलेल्यांना आणि रोपवाटिका चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती. ठेंगण्या, पिवळ्या-पांढऱ्या-जांभळ्या फुलांच्या लँटानाच्या जाती आजही कुंड्यांत विकल्या जातात. ‘याला बी धरत नाही’ असं सांगितलं जातं. अशा काही जातींना थोडं बी धरतं, आणि ज्यांना धरत नाही त्यांचा पराग जवळच्या रानटी घाणेरीला मिळतो. शेताजवळ, डोंगराजवळ, ओढ्याजवळ ती लावू नका. आधीच लावली असेल आणि काढवत नसेल तर निदान फुलं सुकताच झुबके खुडत जा, हिरवं फळसुद्धा झाडावर राहू देऊ नका.

काढलेल्या मालाचा उपयोग होतो. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर घाणेरीच्या काठ्या उकळून, साल काढून त्यांचं फर्निचर विणतात. नीलगिरीत त्याच काठ्यांचे पूर्ण आकाराचे हत्ती घडवले जातात. आपल्या शेतात जाड काठ्या वेलभाज्यांच्या मांडवाला आणि जळणाला येतात. फुलं-फळं नसलेला कोवळा पाला खड्ड्यात शेणाबरोबर पूर्ण कुजवला तर खत होतं, फक्त तो खड्डा गोठ्यापासून लांब आणि जनावरांना तोंड घालता येणार नाही असा हवा. वापर होतो म्हणून जाळी राखून ठेवणं मात्र योग्य नाही.

या पावसात जेवढं झालं तेवढं करा. हस्ताचा पाऊस ओसरला की माती कडक व्हायच्या आत एकदा परत बांधावर जा आणि जिथे जिथे झुडूप काढलं होतं ती प्रत्येक जागा पायाने गवत बाजूला सारून पाहा. कोंब दिसला तर मान राहिली आहे. तिथे खुणेला एक दगड ठेवा आणि ती मान तेव्हाच खणून काढा.